बेटाकडे जाणारी झाडं

गोथेनबर्ग, १२ जानेवारी १९७५

साइमाताई,

तुझं नाताळचं पत्र मिळालं. मोजेही मिळाले. घट्ट होतात, पण घालतो. इथली थंडी आपल्याकडच्यासारखी कोरडी नाही, ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते.

चार पानं भरून तू सगळं लिहिलंस. गाईला वासरू झालं, विल्होनं दुकानाला नवीन दार बसवलं, एय्याचे पडलेले पुढचे दात परत आले. आणि शेवटी कागदावर जागा उरली म्हणून लिहावं तसं लिहिलंस की यंदा शाळेची हिवाळी सहल बेटावर जाणार नाही. नवीन बाईंनी बदलली. शाळेमागच्या टेकडीवर घसरगाड्या खेळायच्या, मग सूप प्यायचं आणि घरी. शर्यत नाही, चमचे नाहीत. आणि खाली तुझी सही, 'सर्व कुशल' म्हणून.

ह्याला कुशल म्हणतात का ताई? मी शाळेत काय शिकलो ते तुला ठाऊक आहे. सहावीला मास्तरांनी आणि मी, दोघांनी एकदमच हात टेकले. पण ती सहल मी शिकलोय. बाबा आधीच्या आठवड्यात पहार घेऊन गोठलेल्या तळ्यावर निघायचे, बर्फ ठोकत ठोकत, आणि मागे लहान लहान स्प्रूसची झाडं रोवत जायचे, थेट बेटापर्यंत. मग त्या दिवशी सगळी शाळा त्या झाडांच्या ओळीनं. पुढे बाबा, मागे बारकी पोरं, शेवटी मास्तर धापा टाकत. बेटावर शेकोटी, सॉसेज, गरम बेरीचं सरबत, आणि परत येताना शर्यत, पहिला येईल त्याला चांदीचा चमचा. ह्या जगात मला मिळालेली एकमेव चांदीची वस्तू म्हणजे तो चमचा.

इथे मी दिवसभर गाड्यांच्या दारांना बिजागऱ्या लावतो. दार येतं, बिजागरी लावतो, दार जातं. कुठे जातं कुणास ठाऊक. पट्टा सरकत राहतो आणि मी एका जागी. पाय नुसते वळवळतात. अशा वेळी मी ती ओळ आठवतो, बर्फावरची. ती तिथे आहे म्हणून बरं वाटतं. आणि आता तीही नाही म्हणता.

ही लिंडरूस बाई कोण कुठली? दक्षिणेकडची ना? तिनं तळं फक्त नकाशात बघितलं असणार.

बाबांना वेगळं पत्र टाकलंय. त्यात काय आहे ते विचारू नकोस. ते आमच्या दोघांतलं.

इल्पो


हिएतावारा, २६ जानेवारी

इल्पो,

तुमच्या दोघांतलं पत्र बाबांनी विल्होच्या दुकानात चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. कॉफीला निम्मं गाव होतं. 'बाबा, तुमच्याशिवाय त्या तळ्यावर कोण पाऊल टाकतं? तुम्ही वाट आखलीत तर अडवणारी ती बाई कोण?' हे दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा विल्होनं वाचायला सांगितलं म्हणून.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा घसरगाडीवर झाडं लादून तळ्यावर. परवा ओळ बेटाला लागली. किती छान वाटलं असेल ना तुला, वाचून?

आता मी जे नाताळला लिहिलं नाही ते लिहिते. तू तिकडे एकटा, कशाला उगीच, असं वाटलं होतं. तू गेलास त्या वर्षी खाली धरण झालं ते तुला माहीत आहे. पण धरणानंतरचा हिवाळा तू बघितला नाहीस. वर बर्फ धरतो आणि ते खालून पाणी सोडतात. वीज लागते शहराला. पाणी खाली जातं, बर्फ वर राहतो. धरणाच्या कचेरीतून पत्रक आलं होतं, जपून राहा म्हणून. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि सहल टेकडीवर नेली. एवढीच गोष्ट. कुणाच्या वाडवडिलांचा अपमान करायला त्या आलेल्या नाहीत. त्या बाबांना विचारायला घरीसुद्धा आल्या होत्या. बाबा म्हणाले, तळ्यानं पत्रक वाचलेलं नाही. झालं बोलणं.

बाबांनी बर्फ ठोकून बघितलाय हे खरं. मध्यावर हातभर जाड आहे म्हणतात. मला त्यातलं कळत नाही. मी शाळेच्या स्वयंपाकघरात वाटाण्याचं सूप ढवळते आणि ऐकते. पोरांचे दोन तट पडलेत. एक म्हणतात आम्ही टेकडीवर, दुसरे म्हणतात आम्ही नेस्तोरीआजोबांबरोबर बेटावर. दुसऱ्या तटाच्या आईबापांनी बाईंना तसं सांगूनही टाकलंय. सहल सहा मार्चला, गुरुवारी. एकाच दिवशी दोन सहली निघणार, अशी लक्षणं आहेत. माझी एय्या दुसऱ्या तटात आहे. आजोबा तिचे आहेत म्हटल्यावर ती त्या तटाची पुढारीच.

तुझं काम कसं चाललंय? खोलीत ऊब असते का?

साइमा


(पत्ता बदलला आहे, पाकिटावर बघ)
८ फेब्रुवारी

ताई,

पत्र फिरत फिरत मिळालं, कारण गोथेनबर्ग सुटलं. रागावू नकोस. एक दिवस दार आलं आणि मी बिजागरी लावलीच नाही. तसंच जाऊ दिलं. मुकादम ओरडत आला. तो स्वीडिशमध्ये ओरडला, मी फिनिशमध्ये. दोघांनाही एकमेकांचं सगळं कळलं. आता मी उत्तरेला आहे, येम्टलँडमध्ये, डोंगरात. काम बांधकामाचं आहे. लाकडी फळ्या ठोकायच्या, काँक्रीट ओतायचं. उघड्यावर असतो म्हणून बरं वाटतं. किती दिवस बरं वाटेल ते सांगता येत नाही.

दोन सहली निघतात तर निघू देत. बघू टेकडीवर कितीजण जातात. बाबांनी पत्र दुकानात वाचलं हे ऐकून आधी लाज वाटली, मग हसू आलं. बाबा कधी कुणाचं काही वाचून दाखवतात का? मला वाटतं म्हातारा खूश झाला. त्याला त्या तळ्याशिवाय आहे काय? तू सूप ढवळ आणि गप्प बस. तळ्याचं बाबांना कळतं.

एय्याला सांग, परत येताना सुरुवातीलाच पळायचं नाही. खाडीच्या तोंडाशी वारा समोरून येतो, तिथे दम राखायचा.

इल्पो


हिएतावारा, १७ फेब्रुवारी

इल्पो,

गप्प बसायला मला तू सांगतोस. बरं. आता ऐक.

गेल्या सोमवारी लिंडरूस बाई स्की घालून एकट्या तळ्यावर गेल्या आणि काठाजवळची बाबांची झाडं उपटून आणली. शाळेच्या अंगणात टाकली. त्यांना वाटलं, ओळ दिसली नाही की पोरं जाणार नाहीत. सरळ विचार. पण त्या इथल्या नाहीत आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही, की दुसऱ्याची ओळ आपल्याकडे कुणी उपटत नाही. शत्रूची असली तरी. पलीकडून हिमवादळात कुणी येत असेल आणि मध्येच झाडं संपली तर तो मेला. ज्यानं रोवली त्यानंच काढायची.

गाव जे पेटलं ते विचारू नकोस. जे टेकडीच्या बाजूचे होते तेही उलटले. विल्होच्या बायकोनं बाईंना दूध विकायचं नाकारलं. विल्हो म्हणाला, 'आज झाडं उपटली, उद्या घरांचे नंबर उपटेल.' बाई माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, 'मी चुकीची गोष्ट केली ना? पण मी बरोबर आहे.' मी त्यांना कॉफी दिली.

बाबांनी तीच झाडं परत नेली आणि आणखी नवीन तोडून ओळ दुप्पट दाट केली. आता ती शाळेच्या खिडकीतून कुंपणासारखी दिसते.

आणि त्या ओळीचा अर्थ तुला माहीत आहे. झाड उभं आहे म्हणजे नेस्तोरीनं बघितलंय. मग कुणी बघत नाही. कुणी काठी टेकूनसुद्धा बघत नाही. शनिवारी एय्या आणि विल्होची धाकटी दोघीच त्या ओळीनं जाऊन आल्या, बेटाच्या जवळपर्यंत. कुणाला न विचारता. एय्याचे लोकरीच्या नमद्याचे बूट आतून ओले होते. म्हणे, बेटाशी बर्फ खाली वाकलाय आणि त्यावर पाणी आलंय. म्हणे, पाय टाकला की ढोलासारखं वाजतं. तिला मजा वाटली.

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, काठाशी पाणी असतंच. काठाला कोण बुडतं?

मी त्यांना काही सांगू शकत नाही इल्पो. मी घरातली आहे, माझं म्हणणं म्हणजे कुरकूर. बाई बाहेरच्या, त्यांचं म्हणणं म्हणजे उद्धटपणा. ऐकतील तर ते तुझं. तू लांब आहेस म्हणून तुझं वजन आहे. आग लावलीस ती तूच विझव. त्यांना लिही की ओळ काढा.

आणि एक सांगू? तू एका जागी सहा महिने टिकत नाहीस. गोथेनबर्गच्या आधी बोरास, त्याआधी ते लाकडाचं बंदर. पण आम्ही इकडे सगळं तू टाकून गेलास तसंच ठेवायचं. तळ्यानंसुद्धा हलायचं नाही. का रे?

साइमा


येम्टलँड, २३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र काल आलं. वाचून इतका राग आला की जेवणाच्या खोलीतून उठून गेलो. शेवटचा परिच्छेद होता ना, त्याच्यामुळे. चालत सुटलो. डोकं तापलं की मी चालतो, तुला माहीत आहे.

मी तुला सांगितलं नव्हतं ते काम म्हणजे धरणाचंच आहे. लिहायला हात धजला नव्हता. तू धरणाला शिव्या देतेस आणि भाऊ तिकडे धरण बांधतोय. आमचं दुसरं धरण चाललंय. पहिलं वर आधीच झालेलं आहे आणि त्याच्या मागे मोठं तळं आहे. शनिवार होता, सुट्टी होती. मी त्या तळ्याच्या काठाकाठानं गेलो.

काठाशी बर्फ तंबूसारखा झाला होता. खाली मोठे दगड आहेत त्यांच्यावर टेकलेला, आणि दोन दगडांच्या मध्ये वाकलेला. एके ठिकाणी भोक होतं. मी पोटावर झोपून आत बघितलं. आत एल्क हरीण पडलं होतं, मोठं, मादी. बुडालं नव्हतं ताई. बुडायला पाणीच नव्हतं. खाली नुसते दगड आणि चिखल, आणि वर बर्फाचं छप्पर. पाणी पार लांब आत गेलेलं. ते वरून चालत आलं असणार, मध्यावरून, जिथे बर्फ जाड आहे. मध्यावर काही झालं नाही. काठाला आलं, आता पोहोचलो म्हणून निवांत पाय टाकला आणि आत. पाय मोडले. बाहेर येता आलं नाही. किती दिवस होतं कुणास ठाऊक. छपराला आतून नाकाच्या खुणा होत्या. म्हणजे श्वासाच्या वाफेनं वितळलेले खळगे.

एय्याचे बूट डोळ्यासमोर येत होते.

बाबांनी मध्यावर ठोकून बघितलं असणार. काठाला आपण कधीच ठोकत नाही. काठाला पाणी उथळ, तिथे बर्फ आधी धरतो, जन्मभर आपण हेच शिकलो. बेटाजवळ आलो की बाबा पहार खांद्यावर टाकायचे. मला आठवतंय, ती खांद्यावर गेली की आम्ही पोरं ओळ सोडून सुटायचो शेकोटीच्या जागेकडे, सगळी एकदम.

दुकानात फोन करायचा विचार केला. पण फोन विल्हो उचलणार, आणि बाबांना 'तुम्ही चुकलात' हे विल्होच्या कानातून सांगायचं मला जमणार नाही. बाबा तर फोनवर नुसतं हं म्हणतात. म्हणून सोबत त्यांच्यासाठी पत्र ठेवलंय. चिकटवलेलं नाही, तू वाच. बरं वाटलं तर दे. द्यायचंच. आज रात्रीच्या गाडीनं टपाल जातं, मी स्वतः स्टेशनवर नेऊन टाकतो. सहा तारखेआधी पोहोचलंच पाहिजे. नाही पोहोचलं तर एय्याला घरात कोंड. गावातल्या बाकीच्या पोरांचं काय करशील ते मला सुचत नाही.

इल्पो

(सोबतचं पत्र)

बाबा,

आधीच्या पत्रात मी लिहिलं ते न बघता लिहिलं. तळं तुम्हाला कळतं, पण ते आता तेच तळं नाही. मी इथे धरणावर काम करतो, खोटं कशाला सांगू. पाणी कसं काढतात ते मी रोज बघतो. काल मी काठाच्या बर्फाखाली बघितलं. खाली काही नसतं. मध्यावर ठोकू नका, तिथे बर्फ चांगला आहे. बेटाशी ठोका. पोटावर झोपून, फळी टाकून. काठावर तुमचा विश्वास आहे तिथेच ठोका.

माझं खोटं निघालं तर ओळ राहू द्या आणि हे पत्रही दुकानात वाचून दाखवा.

इल्पो


हिएतावारा, ७ मार्च

इल्पो,

पत्र मंगळवारी आलं. मी वाचलं. मग बाबांना दिलं. ते लाकडं फोडत होते. उभ्यानंच वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, खिशात घातलं आणि पुन्हा लाकडं फोडायला लागले. मी दारात उभी. म्हणाले, 'दार लाव, घर थंड होतंय.'

मला वाटलं संपलं. तुझ्यावर चिडले असतील तर आता ओळ आणखी दाट होणार.

बुधवारी उजाडताना ते दुकानात गेले. कॉफी घेतली नाही. विल्होला म्हणाले, चल, लांब फळी घे. विल्हो कुठे म्हणून विचारत राहिला, बाबा चालत राहिले. मागून आणखी चारपाच जण गेले, काय चाललंय बघायला. मी स्वयंपाकघरात होते. बाईंनी वर्ग सोडून खिडकी धरली आणि मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

पुढचं विल्होनं सांगितलं, म्हणून त्यातलं थोडं वजा कर. बेटाच्या अलीकडे बाबांनी सगळ्यांना थांबवलं, फळी टाकली, तिच्यावर पालथे पडले आणि सरपटत पुढे गेले. पहार मारली. पहिल्याच घावाला ती आरपार गेली आणि हातातून सुटली. मग काहीच ऐकू आलं नाही. विल्हो म्हणतो, मी मनात म्हटलं, पाण्यात पडली असती तर डुबुक झालं असतं. आणि मग खालून आवाज आला, दगडावर लोखंड आपटल्याचा. जसा रिकाम्या विहिरीतून येतो.

बाबा तसेच पडून राहिले. विल्होनं हाक मारली. ते म्हणाले, 'ऐकतोय.'

मग मागे आले, उठले, बर्फ झटकला, आणि बेटाच्या बाजूनं झाडं उपटायला लागले. विल्हो मदतीला पुढे झाला तर त्याला म्हणाले, 'तू रोवली होतीस का?' सगळी ओळ एकट्यानं काढली. संध्याकाळ झाली. आम्ही खिडकीतून बघत होतो. एकेक झाड नाहीसं होत होतं आणि बाबा जवळ येत होते. बाईंनी मला हळूच विचारलं, मी जाऊन काही बोलू का? मी म्हटलं, नको. आज नको.

काल सहल टेकडीवर गेली. सगळी. खरं सांगायचं तर अगदीच मिळमिळीत होती. पोरं घसरगाडीवर खाली जायची, वर यायची, खाली जायची. एय्या एका झाडाखाली फुगून बसली, म्हणे ही सहलच नाही, कुठे गेलोच नाही आपण. मोठ्या पोरांनी बाईंची नजर चुकवून शर्यत लावली. बाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं, ते मला आवडलं. सूप उरलं.

विल्हो आता सांगत फिरतो की बेटाशी काहीतरी आहे असं त्याला पहिल्यापासून वाटत होतं. त्याच्या बायकोनं बाईंना दूध दिलं. पैसे घेताना तोंड फिरवलं, पण दिलं.

बाबा टेकडीवर आले नाहीत. बाईंनी बोलावलं होतं, वाट दाखवायला पुढे चाला म्हणून. ते म्हणाले, शाळेच्या मागे जायला वाटाड्या लागत नाही. दिवसभर घरात बसून होते. मला त्यांच्याकडे बघवत नाही इल्पो. पोरं वाचली, हे मला पोटातून कळतं. पण इतकी वर्षं फेब्रुवारी आला की ह्या माणसाला काहीतरी करायचं असायचं, आणि आता ते नाही. पुढच्या वर्षीही नसणार. तो रिकामा कोपरा कशानं भरायचा ते मला माहीत नाही आणि तुलाही नसणार.

तुझ्या पत्राबद्दल ते माझ्याशी बोललेले नाहीत. मीही विचारलेलं नाही.

तू बरा आहेस ना? त्या धरणावर किती दिवस टिकशील?

साइमा


हिएतावारा, १६ मार्च

इल्पो,

साइमा म्हणते मी तुला लिहावं. ती म्हणते म्हणून नाही, मी लिहिणारच होतो.

तुझं पहिलं पत्र मी दुकानात वाचलं. छान होतं ते. ते मी परवा चुलीत घातलं. दुसरं कुणाला दाखवलं नाही. ते ठेवलंय.

पहार गेली. बापाची होती. बर्फ वितळला की दगडांत दिसेल म्हणतात. मी शोधणार नाही.

ती बाई काल आली होती. मी तिला सांगितलं, टेकडीवर पोरं कंटाळतात. जंगलातून पलीकडच्या दलदलीपर्यंत जुनी लाकूडगाड्यांची वाट आहे, झुडपं माजलीत. तिथून नेता येतील. लांब आहे. दमतील. ती म्हणाली, दाखवा. मी म्हटलं, बर्फ आहे तोवर दिसणार नाही, मे महिन्यात बघू. कोयता चालवायला मला एक माणूस लागेल. विल्हो बडबडतो, तो नको.

तुझं तिकडे काम असेल तर राहू दे. धरण बांधतोस त्याचा मला राग नाही. कुणीतरी बांधणारच.

मे महिन्यात आलास तर मोटारीच्या रस्त्यानं ये, वळसा घालून. तळ्यावर तेव्हा बर्फ नसतो हे मला माहीत आहे. तरी लिहितो.

बाबा